बुधवारचा डबा

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या बेसमेंटमधून बर्फासाठीचे विंटर टायर वर आणायचे असतात. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या पिशव्यांत घालून एकावर एक रचलेले चार टायर. रबराचा तो वास, फर्नेस सुरू होताना येणारा धप्प आवाज, आणि वरच्या छोट्या खिडकीतून दिसणारं राखेच्या रंगाचं आभाळ. हे तीन एकत्र आले की मला कळतं, हिवाळा दारात येऊन उभा आहे. सुधीर दर वर्षी म्हणतो, "अगं, मी काढतो ना. तुझी पाठ धरेल." मी दर वर्षी म्हणते, "राहू दे, मीच आणते." त्याला वाटतं बायको हट्टी आहे. असू दे वाटत.

टायरांच्या मागे, भिंतीला टेकून, बुटांचा एक खोका आहे. खोक्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. झाकणावर टोचून टोचून नाव कोरलंय, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं: कुमुद. खाली १९७१.

डबा माझा नाही. हा त्याचा माझ्या घरातला तिसरा नोव्हेंबर. एप्रिलमध्ये टायर परत खाली गेले की तो झाकला जातो, नोव्हेंबरात टायर वर गेले की उघडा पडतो. त्याबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मुळात मी फार बोलणारी बाई नाही. अमरावतीला शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवला, तेवढंच काय ते मोठ्यानं बोलले.

महिला मंडळात मी सेवेसाठी गेले, असं आमच्या व्हिटबी गावात सगळ्यांना वाटतं. तेही आता सांगून टाकते. मी गेले पत्रासाठी. कॅनडात येऊन मला सात वर्षं झाली होती. भूगोलाच्या बाईंचं इथे कुणाला काम नव्हतं. एका शाळेत जेवणाच्या सुटीत मुलांवर लक्ष ठेवायची नोकरी निघाली होती, दिवसाला दीड तास, पण तिलाही इथल्या कुणाचं तरी शिफारसपत्र लागत होतं. नातेवाईक चालणार नाहीत. माझ्या ओळखीचे इथे होते कोण? नवरा, मुलगी आणि ग्रोसरीतली गुजराती बाई.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाच्या कोजागिरीला, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये कागदी पेल्यांतून मसाला दूध घेताना शैलाताई भेटल्या. त्या आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. नोकरीतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, कुणाला 'नाही' म्हणू देत नाहीत. मंडळात पंधरा-वीस जणी. नवजात बाळांसाठी टोप्या विणायच्या, फूड बँकेत डबे लावायचे, आणि गावात एकट्या राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना हिवाळाभर आठवड्यातून एकदा घरचं जेवण पोचवायचं.

"नंदा, तुला गाडी येते ना? स्वयंपाक येतो? मग झालं की."

"पण मला नीटसं बोलता येत नाही कुणाशी, शैलाताई."

"बोलायला कोण सांगतंय? डबा हे निमित्त गं. काम काय, तर तोंड बघायचं. बेल वाजवायची, माणूस दारात आलं, हसलं, चार शब्द बोललं की ग्रुपवर अंगठा टाकायचा. अंगठा दिसला की आम्ही निश्चिंत. ज्या दिवशी अंगठा नाही, त्या दिवशी आम्ही धावणार. समजलं? नुसता डबा ठेवून यायचं असेल तर कुरिअरवाला काय वाईट?"

समजलं. अगदी नीट समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

माझ्या वाट्याला बुधवार आला आणि कुमुदताई आल्या. वय एक्याऐंशी. या देशात एकाहत्तर साली आलेल्या डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी भूल द्यायचं काम तीस वर्षं केलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अंजली कॅलगरीला. घर जुन्या वस्तीत, समुद्राएवढ्या तळ्याकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर. जानेवारीत त्या रस्त्यावर तळ्याचा वारा असा येतो की गाडीचं दार हातातून सुटतं. घराला बाजूनं एक दार, दाराजवळ लाकडाची एक पेटी. डबे ठेवायला-घ्यायला ती पेटी.

पहिल्या दिवशी मी प्लास्टिकच्या डब्यातून वरण-भात नेला. "काकू," म्हटलं, "मंडळातून आलेय."

"मी कुणाची काकू नाही. ताई म्हण. आणि हे काय आणलंयस? प्लास्टिकात गरम वरण? तुला कुणी भूगोलाबरोबर थोडं विज्ञान शिकवलं नाही का गं?" शैलाताईंनी माझी सगळी कुंडली आधीच सांगून ठेवलेली दिसत होती. आत जाऊन त्यांनी दोन स्टीलचे डबे आणले. "हे घे. पुण्याहून निघताना आईनं दिले. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. भरलेला आणायचा, रिकामा न्यायचा."

पण रिकामा त्यांनी कधी दिलाच नाही. दुसऱ्या बुधवारी डबा घेतला तर आत काहीतरी खुळखुळलं. गाडीत बसून उघडला. तीन बदाम. तिसऱ्या बुधवारी एक सुकं अंजीर. मग कधी चमचाभर साखर कागदाच्या पुडीत, कधी लिंबाच्या लोणच्याची फोड, एकदा पेपरमिंटच्या दोन गोळ्या. एकदा तर घरात काही सापडलं नसावं, तर चहाची एक पिशवी. मी म्हटलं, "ताई, कशाला हे?" तर म्हणाल्या, "रिकामा डबा परत द्यायचा नसतो, एवढं ठाऊक नाही? अमरावतीकडे रीत वेगळी आहे काय?"

"आमच्याकडेही तीच आहे."

"मग गप घे. देव मी कधी मानला नाही, पण हे मानते."

तो हिवाळा आठवतो तो असा, वासांनी आणि आवाजांनी. सकाळी अकराला आमच्या स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी, खिडकीच्या काचेवर आतून धुकं. गाडीत पायाशी ठेवलेल्या डब्याची ऊब नडगीला लागायची. रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांवर सुकून पांढऱ्या नकाशासारखं उमटायचं. मी तसे नकाशे फळ्यावर काढायची, किनारे आणि खाड्या. कुमुदताईंच्या दारात पोचलं की आतून स्लिपर घासत यायचा आवाज. दार उघडताच पहिलं वाक्य बहुतेक टोमणाच असायचं. "आलीस का, वऱ्हाडी तोफ? गेल्या बुधवारच्या तुझ्या भाजीनं माझ्या नाकातली सर्दी पार तळं ओलांडून अमेरिकेत गेली." कोबी त्यांना मुळीच आवडायची नाही. मी केली की म्हणायच्या, "पेशंटला देतात हे. मी अजून पेशंट झालेली नाही." मग दोन मिनिटांची दहा व्हायची. माझ्याशी त्या आठवड्यात कुणी बोललेलं असलं तर तेवढंच. मुलगी युनिव्हर्सिटीत गेलेली, फोन केला तर इंग्रजीतून 'आय ॲम बिझी, आई' म्हणून ठेवायची. बुधवारची मी वाट बघायला लागले होते. पत्र मागायचं होतं हे विसरले नव्हते, पण वाटही बघत होते. दोन्ही खरं आहे.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी शैलाताईंनी सांगितलं, मंडळाच्या पानावर टाकायला फोटो हवेत, आम्ही तिघी तुझ्याबरोबर येतो. मी कुमुदताईंना आधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चौघी साड्यांवर जाडे कोट घालून दारात उभ्या. एकीनं डबा माझ्या हातात नीट धरायला लावला, म्हणजे झाकणावरचं नाव दिसेल. कुमुदताई घरच्या मळक्या स्वेटरमध्ये होत्या, केस विंचरलेले नव्हते. सगळ्याजणी "स्माइल, ताई!" म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. फोटो झाल्यावर सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "नंदा, डबा तू मला आणतेस की कॅमेऱ्याला?"

तिघी हसल्या. मीही हसले. बोलणाऱ्या माणसाला टोमणा लागला तर तो उलट बोलतो, मोकळा होतो. माझ्यासारखी माणसं तो घरी घेऊन जातात, तापवतात, थंड करतात, पुन्हा तापवतात. तीन महिने बर्फातून डबे नेले, त्याचं हे? रात्री सुधीरला म्हटलं, "लोकांना किंमत नसते." तो टीव्ही बघत म्हणाला, "कुणाला?" म्हटलं, "कुणाला नाही."

पुढच्या बुधवारी बेल वाजवली. स्लिपरचा आवाज यायला बराच वेळ लागला. दार अर्धवट उघडलं. स्वेटरचं बटण एक घर सोडून लागलेलं. मी ते पाहिलं. भूलतज्ज्ञ बाईंचं बटण कधी चुकत नसे. त्यांनी हात बाहेर काढून आधीचा डबा दिला, भरलेला घेतला, म्हणाल्या, "ठेव... जा. थंडी येते आत." दार लागलं. टोमणा नाही, भाजी कशी होती ते नाही.

गाडीत बसून डबा उघडला. आत काहीच नव्हतं.

बुडाला भाताचं एक शीत चिकटलेलं. धड धुतलाही नव्हता. मी झाकण उलटं करून पाहिलं, मूर्खासारखी सीटखाली पाहिलं, पडलं असेल म्हणून. काही नाही. आणि माझं कपाळ तापलं. आपल्या लोकांत रिकामा डबा परत देणं म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको होतं, त्यांनीच मला ऐकवलं होतं. म्हणजे हा मुद्दाम दिलेला निरोप. फोटोचा राग. डबा नको, तूही नको. इथल्या शेजारणीनं दिलेला असा डबा असता तर मला काहीच वाटलं नसतं. उलट माझ्या जागी तशी शेजारीण असती तर तिला वाटलं असतं, आजीला बरं नाही का? मी मात्र आपल्या रीतीनं वाचला. आपल्या माणसाचा अपमान आपल्यालाच नेमका वाचता येतो, असा गर्व होता मला.

त्या आठवड्यात मी मनात पुष्कळ वाक्यं तयार केली. एकही बोलले नाही.

मग तो बुधवार. सकाळपासून बर्फ पडत होतं, मोठं, मऊ, आवाज गिळणारं. मी कोबीची भाजी केली. त्यांना आवडत नाही म्हणूनच केली. हे कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नव्हतं. ती फोडणी देताना मला एक बारीकसा आनंद होत होता, तोही लिहिते. त्यांच्या ड्राइव्हवेवर गाडी लावली. ड्राइव्हवेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. बाजूच्या दारापर्यंत गेले, पेटी उघडली. गेल्या बुधवारचा डबा तिथे परत ठेवलेला नव्हता. मनात म्हटलं, अजून रुसल्यात. बरं, रुसा. डबा पेटीत ठेवला. बेलकडे पाहिलं. बेलच्या बटणावर बर्फाची छोटी टोपी बसली होती. ती झटकायला हात उचलावा लागला असता. मी परत फिरले.

गाडीचं इंजिन चालूच होतं. आत ऊब होती. हातमोजा दातांनी ओढून काढला, फोन घेतला आणि ग्रुपवर अंगठा टाकला. लगेच शैलाताईंचाही अंगठा आला, वरच्या दिशेचाच, पण मला त्या क्षणी उलटा दिसला. नंतर किती वेळा तो मजकूर वर सरकवून पाहिला. अकरा वाजून बेचाळीस. त्याच्या आधी कुणाचा तरी तिळगुळाचा जुना फोटो, त्याच्यानंतर कुणाच्या तरी नातवाचा.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या पलीकडच्या घरातल्या इटालियन आजोबांनी खिडकीतून पाहिलं की इकडे दारापासून एकच पाऊलरांग आहे, येणारी आणि जाणारी, तीही बर्फानं अर्धी भरलेली. त्यांच्याकडे किल्ली होती. कुमुदताई बेसमेंटच्या जिन्याच्या तळाशी सापडल्या. जिवंत होत्या.

शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"नंदा, कुमुदताई पडल्यात गं. हॉस्पिटलला नेलंय. अगं, बुधवारी तू भेटलीस ना? तेव्हा बऱ्या होत्या ना?"

तेवढ्यात खरं बोलायला जागा होती. एक श्वास घेतला असता तर जमलं असतं.

"हो," मी म्हटलं. "बऱ्या होत्या. हसल्या."

हसल्या. हा शब्द मला कुणी मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

फोन ठेवला आणि पहिला विचार कुणाचा आला? त्यांचा नाही. डब्याचा. तो पेटीत आहे. भरलेला. बुधवारी त्या बऱ्या होत्या, हसल्या, तर शुक्रवारी डबा पेटीत तसाच कसा? मी गाडी काढली. अँब्युलन्स गेलेली होती. बर्फात खूप पावलं झालेली, त्यांत माझी मिसळून गेली. पेटी उघडून डबा कोटाखाली घेतला आणि घरी आले. वरण-भात दगडासारखा गोठला होता. सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरला तर तो डब्याच्या आकारातच बाहेर आला, एक पांढरा-पिवळा गोल, मध्ये कोबीचे हिरवे तुकडे. तो विरघळेपर्यंत मी तिथे उभी होते. सुधीर वरून ओरडला, "कसला गं वास?" म्हटलं, "जुनं अन्न. टाकतेय."

डॉक्टरांनी नंतर अंजलीला सांगितलं की त्या बराच वेळ पडून असाव्यात. किती, ते कुणी नक्की म्हणालं नाही. मला ठाऊक होतं. बुधवारी अकरा बेचाळीसच्या आधीपासून. मी पेटी उघडून बंद केली तेव्हा दाराच्या आत, काही पायऱ्यांखाली, त्या होत्या. हाक मारली असेल का? माहीत नाही. इंजिन चालू होतं.

मार्चमध्ये मंडळाचं शिफारसपत्र आलं. छान कागदावर. त्यात लिहिलं होतं की मी अत्यंत भरवशाची आहे, कुठल्याही हवामानात बुधवार चुकवला नाही. त्या पत्रावर मला शाळेतली नोकरी मिळाली. अजून आहे. रोज दीड तास मी मुलं नीट जेवतायत ना, कुणी एकटं बसलं नाही ना, हे बघते. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मला शाल आणि नारळ दिला. नारळ घरी फोडला तर आतून सुकून खोबरं सुटलेलं. सुधीर म्हणाला, "इतक्या लांबून येतो, असंच होणार."

अंजली महिनाभर येऊन राहिली. घर आवरायला मी जायची. ती मला नंदाताई म्हणते, मराठी बोलते पण वाक्याच्या अर्ध्यात इंग्रजीत उतरते. एकदा स्वयंपाकघरातलं टेबल सरकवताना म्हणाली, "नंदाताई, लुक ॲट धिस. खाली सगळीकडे बेदाणे. पाकीट कात्रीनं कापलंय, पण वेडंवाकडं, आणि सगळं सांडलंय. आई इतकी नीट होती. शी वुड नेव्हर लीव्ह इट लाइक धिस. डॉक्टर म्हणाले, मेबी शी हॅड अ स्मॉल स्ट्रोक आधी कधीतरी. वी डोन्ट नो." ती गुडघ्यांवर बसून फरशीला चिकटलेले बेदाणे सुरीनं खरवडत होती. मी दुसऱ्या बाजूनं खरवडायला लागले. ओट्यावर कात्री होती, पाकीट होतं. डबा भरायला काढलेले बेदाणे. हात चालला नाही, सांडले, वाकता आलं नाही, आणि मी बेल वाजवली. त्या डबा तसाच घेऊन दारात आल्या.

तो निरोपच होता. मी वाचला उलटा.

जाताना अंजली म्हणाली होती, "आईचे दोन डबे होते ना, नावाचे? एकच मिळाला. इफ यू एव्हर कम अक्रॉस इट." मी म्हटलं, "बघते."

कुमुदताई त्यानंतर वर्षभर नर्सिंग होममध्ये होत्या. इंग्रजी आधी गेलं, मग मराठीही निम्मं गेलं. मी जायची. लोक म्हणायचे, किती करते. एका दुपारी त्यांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बेलवरचं बर्फ, कोबी, अंगठा, 'हसल्या', सगळं. त्या खिडकीकडे बघत होत्या. तेव्हा मला केवढं हलकं वाटलं! घरी येताना गाडीत लक्षात आलं की त्यांना कळणार नाही याची खात्री होती, म्हणूनच तोंड उघडलं होतं. ज्याला भूल दिलीय त्याच्याशीच मी प्रामाणिक होते.

पुढच्या खेपेला धीर करून तो डबा घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. झाकण उघडलं. आत पाहिलं. बोट बुडावर गोल गोल फिरवलं, मग गाऊनच्या खिशात हात घातला, उशीखाली घातला, बाजूच्या कप्प्यात चाचपडल्या. काही मिळालं नाही. झाकण लावलं आणि डबा पोटाशी धरून बसल्या. मी निघताना हात पुढे केला तर दिला नाही. मान हलवत राहिल्या. शेवटी नर्स आली, "कम ऑन, डार्लिंग, लेट गो," म्हणत तिनं बोटं एकेक करून सोडवली आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो घेऊन आले. तेव्हाच तो खोक्यात गेला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

अंजली दर फेब्रुवारीत फोन करायची. गेल्या फेब्रुवारीत म्हणाली, "नंदाताई, आय ऑलवेज थिंक, बुधवारी तरी ती बरी होती. तुझ्याशी हसली. दॅट्स द लास्ट गुड डे आय हॅव ऑफ हर." मी फोन कानाला धरून उभी होते. तिच्या आईचा शेवटचा चांगला दिवस मी बनवून दिलेला होता.

या नोव्हेंबरात टायर काढताना पाठ खरंच धरली. तिथेच खाली बसले, खोक्यासमोर. वर शैलाताईंचा फोन वाजत होता. नंतर उलट फोन केला तर म्हणाल्या, "यंदा सहा नव्या मुली आल्यात गं. तू त्यांना शिकव. कुमुदताईंचं सांग, म्हणजे त्यांना कळेल सेवा म्हणजे काय."

त्या संध्याकाळी मी अंजलीला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "डब्यात काय होतं?"

"वरण-भात. कोबीची भाजी."

"शी हेटेड कोबी."

"माहीत होतं मला."

तिच्याकडे कुठेतरी कुत्रा भुंकत होता. "ओके," ती म्हणाली. "थँक यू फॉर टेलिंग मी." आणि फोन ठेवला. हलकं वाटलं नाही. तिच्याकडे एक बुधवार होता, तोही मी काढून घेतला, एवढंच झालं. मग सुधीरला सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" शैलाताईंनी ऐकून घेतलं, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आता हे कशाला उकरायचं बाई? गेल्या त्या. चारचौघीत बोलू नकोस, मंडळाचं नाव खराब होईल. आणि हे बघ, यंदा बुधवार नको घेऊस तू. टोप्या विण." नव्या मुलींना शिकवायचं काम दुसरीकडे गेलं. ग्रुपवर अंगठे येतात. मी प्रत्येकाकडे बघते. खरा कोणता, ते अंगठ्यावरून कळत नाही.

चार दिवसांनी अंजलीचा एका ओळीचा निरोप आला. प्लीज सेंड द डबा. बाकी काही नाही.

मी तो काढला, चिंचेनं घासला, पुसला. मग ओट्यावर ठेवून समोर उभी राहिले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. फडताळ उघडलं. बदाम हातात घेतले, ठेवले. अंजीर काढलं. साखरेची पुडीही बांधली. बेदाण्यांचं पाकीट तर मी तीन वर्षांत घरात आणलेलंच नाही. एकेक जिन्नस डब्यात ठेवून पाहिला. प्रत्येक वेळी वाटलं, ही मी माफी विकत घेतेय. एकेक बाहेर काढला.

इथलं पोस्ट औषधांच्या दुकानातच, मागच्या बाजूला आहे. बाहेर या हिवाळ्याचं पहिलं बर्फ पडायला लागलं होतं, काउंटरपर्यंत लोकांच्या बुटांचं पाणी आलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं खोका उचलला, कॅलगरीचा पत्ता वाचला.

"एनिथिंग लिक्विड? पेरिशेबल?"

"नो."

तिनं वजन केलं, भुवई उंचावली, खोका कानाजवळ नेऊन हलवला. आत नुसता टॉवेलात गुंडाळलेला डबा.

"इट्स एम्प्टी?"

"हो," मी मराठीतच म्हणून गेले. "रिकामा आहे."